पावसाळी सकाळी गाडी मिसिंग मारते, चेक लाइट लुकलुकते. इंजिन खोलायचं का?

वृषाली_मुलुंड:

गॅरेजवाल्याने इंजिन खोलावं लागेल असं सांगितलंय. माझा विश्वास बसत नाहीये, म्हणून इथे विचारते.

गाडी २०१५ ची, तीन सिलिंडरची हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी. लाखाच्या वर चालली आहे. मुलुंड पूर्वेहून अंधेरीच्या सीप्झला रोजचं जाणं-येणं. त्रास असा की रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी गाडी सुरू होते, पण जागेवर थरथरते. पेट्रोलवर असते तोवर त्यातल्या त्यात बरी. गॅसवर पडली की गचके. ईस्टर्न एक्सप्रेसवर एका लयीत चालवली तर तितकं जाणवत नाही, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पुलावर चढायला पाय दाबला की गाडी उठतच नाही आणि मीटरमधली पिवळी इंजिनची खूण लुकलुकायला लागते. पवईच्या ट्रॅफिकमध्ये रडतखडत सीप्झला पोहोचेपर्यंत सगळं शांत. संध्याकाळी येताना काहीच नाही. दोन-चार दिवस कोरडे गेले तर तेवढे दिवस गाडीला काही झालंय असं वाटणारही नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. ‘मिसफायर आहे’ म्हणाले, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं चुकतंय. ठिणगी पाडणारे तिन्ही प्लग नवे टाकले. जाताजाता इंजिन प्रेशर पंपाने धुऊन चकाचक करून दिलं, तर दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट! आता म्हणतात इंधन फवारणारे तिन्ही इंजेक्टर बदलू, चौदा हजार, आणि त्यानेही नाही गेलं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवून बघू. सासरे म्हणतात गाडी काढून टाक. नवरा म्हणतो दसऱ्यापर्यंत थांब, आपोआप बरी होईल, जे अगदीच खोटंही नाही.

याच्याशी संबंध नाही, पण सांगून ठेवते: एसी लावला की कुबट वास येतो आणि डाव्या सीटपुढची मॅट ओली असते. ते ‘एसीचं पाणी आहे, नंतर बघू’ म्हणालेत.

तर इंजेक्टर बदलू का? आणि तोवर अशी चालवली तर चालेल का?

साष्टीकर:

ताई, हे सगळं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं पाप आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात जास्तच. माझ्या बिल्डिंगमध्ये तीन जणांच्या गाड्या गचके देतात. टाकीत इंजेक्टर क्लीनरची एक बाटली ओता आणि महागातलं पेट्रोल भरून बघा. इंजेक्टर नंतर.

जुना_पाना:

वृषालीताई, इंजेक्टरचे पैसे सध्या पाकिटात ठेवा. हेडला तर कोणाला हात लावू देऊ नका.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते घाईचं आहे. पिवळी खूण नुसती लागून राहिली तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नसते. लुकलुकली तर पाय काढायचा. लुकलुकणं म्हणजे एका सिलिंडरमध्ये जाळ होतच नाहीये आणि तिथलं न जळलेलं इंधन तसंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. त्या डब्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा पातळ लेप असतो. आतली जाळी वितळली की डबा चोंदतो आणि मग खरोखरच मोठं बिल येतं. तेव्हा ती खूण लुकलुकत असताना पुलावर रेस करून ‘आता उठेल, मग उठेल’ असं करू नका. बाजूला घ्या, इंजिन गरम आणि कोरडं होऊ द्या.

आता साष्टीकरांचं. साहेब, रागावू नका. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. त्यात पेट्रोलपेक्षा दम कमी असतो, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं हेही खरं. पण पेट्रोलमध्ये खोट असती तर ताईंची गाडी पेट्रोलवर जास्त रडली असती. ती रडते गॅसवर. गॅसच्या टाकीत इथेनॉल कुठून आलं? आणि पेट्रोलचं दुखणं सकाळी येऊन दुपारी जात नाही. टाकीतलं पेट्रोल सीप्झला पोहोचेपर्यंत बदलत नाही.

मी बसच्या डेपोत फिटर होतो, निवृत्त होऊन भांडुपला पुतण्याच्या गॅरेजात बसतो. बसतो म्हणजे खुर्चीवर, हात काळे तो करतो. डेपोत आमच्या फोरमनची एक सवय होती: ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की पाना उचलायच्या आधी विचारायचा, ‘कधी?’ काय होतं ते सगळेच सांगतात. कधी होतं आणि कधी होत नाही, हे सांगितलं की अर्धं काम झालं. तुम्ही ते न विचारता लिहिलंय, म्हणून लिहायला घेतलं.

तुमच्या ‘कधी’मध्ये काय काय आहे बघा.

पाऊस झाला की होतं, कोरडं असलं की होत नाही. म्हणजे पाणी कुठेतरी वीज खातंय. इंजेक्टरला बाहेर पाऊस आहे की ऊन, याचं सोयरसुतक नसतं. झिजलेल्या रिंगा, जळालेला व्हॉल्व्ह, फुटलेलं गॅस्केट यांनाही नसतं. ती दुखणी बाराही महिने असतात.

इंजिन तापलं की जातं. म्हणजे ते पाणी उष्णतेने वाळतंय.

गॅसवर जास्त, पेट्रोलवर कमी. सीएनजी पेटवायला प्लगच्या टोकाशी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे ठिणगी जरा जरी कमजोर झाली तरी पहिल्यांदा गॅसवर बोंब होते, पेट्रोल तेवढं सांभाळून घेतं. उलट असतं, म्हणजे गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर गचके, तर मी पेट्रोलच्या इंजेक्टरवर संशय घेतला असता. कायम गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्टर वापराविना चिकट होतात, हे रोज बघतो.

चढावर जास्त. पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवणं अवघड होतं. मग वीज सोपी वाट शोधते. प्लगच्या आतून टोकापर्यंत जाण्याऐवजी बाहेरून, ओल्या पोर्सेलिनवरून, सरळ लोखंडात उतरते.

आणि इंजिन धुतल्यावर वाढलं. हे तर त्यांनी स्वतःच्या हाताने निदान करून दिलं, फक्त वाचलं नाही. ज्या आजाराला पाण्याचं वावडं त्याला प्रेशर पंपाची आंघोळ घातली.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, स्कॅनरवर कोड नेमका काय होता? ‘मिसफायर’ हा कोड नाही. पी०३०० असेल तर मिसफायर कुठल्याही सिलिंडरला, ठिकाण पक्कं नाही. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ असेल तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. हा एक आकडा मिळाला की तिन्हींचं सगळं बदलायची गरज उरत नाही. दोन, गाडी रात्री कुठे उभी असते? छपराखाली की उघड्यावर? उघड्यावर असेल तर वर झाड आहे का?

वृषाली_मुलुंड:

काका, गॅरेजमध्ये फोन केला. आधी ‘अहो मॅडम, मिसफायरच’ असं झालं, मग त्यांच्या मुलाने फोनमधला फोटो पाठवला. पी०३०२.

गाडी सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला लागते. वर भलामोठा रेन ट्री आहे. त्याचा पाला आणि ती तंतूतंतूंची गुलाबी फुलं रोज सकाळी काचेवरून झाडते मी. झाडाचा काय संबंध?

जुना_पाना:

झाडाचा संबंध आहे, आणि तुमच्या ओल्या मॅटचाही. ‘याच्याशी संबंध नाही’ म्हणून जे शेवटी लिहिलंत ना, तेच मी दोनदा वाचलं.

समोरच्या काचेच्या खाली, वायपर जिथे बसवलेत तिथे, काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरचं पावसाचं पाणी त्या जाळीतून खालच्या पत्र्याच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या बाजूला निघून जातं. तुम्ही पाला काचेवरून झाडता तो खाली त्या जाळीवरच जातो. रेन ट्रीची पानं बारीक, जाळीतून आरामात आत. तिथे कुजून त्यांचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग मोठा पाऊस झाला की पन्हाळ भरते आणि पाणी मिळेल तिथून वाट काढतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एसीच्या ब्लोअरला हवा त्याच पन्हाळीतून, डाव्या बाजूने मिळते. म्हणून तुमची डावी मॅट ओली आणि एसीला कुबट वास. एसीचा ड्रेन तुंबला तरी मॅट ओली होते, पण ती एसी चालवल्यावर. तुमची एसी न लावता नुसत्या पावसाने ओली होते का, बघा.

आणि पन्हाळीच्या पुढच्या काठावरून सांडलं की पाणी इंजिनाच्या डोक्यावर. तिथे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या तीन कॉइल उभ्या आहेत. प्रत्येक कॉइलचा रबरी बूट खोल विहिरीसारख्या भोकात जाऊन प्लगवर बसतो. नवा असताना तो बूट पाणी आत येऊ देत नाही. आठ-दहा वर्षं उष्णता खाल्लेलं रबर कडक होतं, चिरतं. पाणी विहिरीत उतरतं आणि तिथेच राहतं.

हा अंदाज झाला. आता पुरावा. फार हत्यारं लागत नाहीत.

पहिलं काम: इंजिन थंड, बंद, किल्ली खिशात. बोनेट उघडा, कोणालातरी बाटलीने वायपरखालच्या जाळीवर हळूहळू पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बघा पाणी कुठून बाहेर येतं. चाकांच्या बाजूला आलं तर पन्हाळ मोकळी आहे आणि मी चुकीच्या झाडावर चढलोय. इंजिनावर टपकलं तर कुठल्या कॉइलजवळ, ते बघा.

दुसरं काम मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभ्या राहा. दोन नंबरच्या कॉइलचा कनेक्टर काढायचा, बोल्ट काढायचा, कॉइल जरा फिरवून सरळ वर ओढायची. बूट उलटा करून आत बघायचं. आत पांढरट राख, तपकिरी चट्टा किंवा पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर वीज तिथूनच पळत होती. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर तशीच रेघ समोरासमोर सापडेल. ही रेघ म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज जाते. म्हणून एकदा रेघ पडली की नुसतं वाळवून भागत नाही. नवा प्लग घालून वर जुनाच चिरका बूट बसवला तर बूटातली रेघ थोड्याच दिवसांत नव्या प्लगवर उमटते. तुमचे तीन नवे प्लग असेच वाया गेले असावेत.

प्लग काढायच्या आधी विहिरीत कॉम्प्रेसरची हवा मारायला सांगा. नाहीतर तळाचं पाणी, गंज, वाळू प्लग निघताच सरळ सिलिंडरमध्ये. बसवताना पहिले आटे हाताने फिरले पाहिजेत, हेड ॲल्युमिनियमचं असतं.

तिसरं, खरा निकाल यात आहे. दोन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची दोनवर बसवा. प्लग हलवू नका. कोड पुसा. मग ओल्या सकाळी गाडी चालवा. आता कोड पी०३०१ आला तर दुखणं कॉइलबरोबर सरकलं, कॉइल किंवा तिचा बूट दोषी. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग तसाच प्लग सरकवून बघायचा. तोही निर्दोष निघाला तर दोन नंबरच्या कनेक्टरच्या वायरी बघायच्या. मुंबईत उंदराने कुरतडलेली वायर आणि आत हिरवं पडलेलं तांबं हे महिन्याला एक तरी गिऱ्हाईक असतं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या की कोण चोर ते कळत नाही.

हे सगळं करूनही पी०३०२ जागचा हलला नाही तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. तिन्ही सिलिंडरचं मोजायचं आणि एकमेकांशी ताडून बघायचं. एकच फार कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गॅसच्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीट लवकर बसतात आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, गॅप आवळत जाते, त्यामुळे लाखाच्या पुढे टॅपेट तपासून घेणं वाईट नाही. पण ती मिसिंग गरम इंजिनावर वाढते. तुमची गरम झाल्यावर जाते. म्हणून हेड उतरवण्याची भाषा ऐकूनच मला राग आला.

एक करू नका. इंजिन चालू असताना कॉइल उपटून ठिणगी बघायचा खेळ जुने मेकॅनिक अजून करतात. पद्मिनीच्या काळात आम्हीही प्लगच्या वायरी ओढून कान लावायचो. पावसात प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी ओली झाली की काळी-पिवळी रस्त्यातच बसायची, ड्रायव्हर टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायचा, टोपी लावायचा आणि निघायचा. दुखणं हेच, ओलावा आणि वीज. पण शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवला २००३ साली पासिंग झाली, आणि आताच्या कॉइल हजारो व्होल्ट फेकतात. हाताला झटका बसतो तो वेगळा, कॉम्प्युटरही उडू शकतो.

रात्रपाळी_कॅब:

नाना, मध्येच घुसतो. माझी पण गॅसचीच गाडी, बोरिवली ते विमानतळ. माझं वेगळं आहे. हायवेला अंधेरीच्या जॅममध्ये उभा राहिलो की टेम्परेचरचा काटा वर चढतो. गाडी पळायला लागली की खाली. एसी बंद करतो तर पॅसेंजर शिव्या घालतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढूनच टाकला, म्हणाला मुंबईत लागत नाही. काटा अजून चढतोच, वर ॲव्हरेज पण पडलं.

जुना_पाना:

थर्मोस्टॅट परत बसवून घे, पहिलं ते. तो नसला की इंजिन नीट तापायला वेळ लागतो, कॉम्प्युटरला वाटतं गाडी थंड आहे आणि तो जास्त इंधन पाजतो. ॲव्हरेज तिथे गेलं.

उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, म्हणजे पळताना रेडिएटरला वारा मिळतो आणि उभ्या गाडीला मिळत नाही. उभ्या गाडीला वारा कोण देतो? पंखा. गाडी चालू कर, एसी लाव, बोनेट उघडून बघ. एसी लावला की थोड्या वेळात पंखा फिरलाच पाहिजे. हात लांब ठेव, तो न सांगता सुरू होतो. नाही फिरला तर फ्यूज बघ, मग फ्यूजबॉक्समधला पंख्याचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, काढून त्याच जातीचा दुसरा, बहुधा हॉर्नचा असतो, तिथे लावून बघ. फिरला तर रिले गेलाय, स्वस्तात सुटलास. तरीही नाही फिरला तर पंख्याच्या कनेक्टरला वीज येते का तपास, येत असेल तर मोटरच गेली. फिरतो पण मरगळून फिरतो, तरी मोटरच.

उलट असतं, सिग्नलला बरी आणि बोरघाटात तापते, तर मी पंख्याकडे बघितलंही नसतं. मग रेडिएटर आतून चोंदला, पाण्याचा पंप थकला किंवा कूलंट कमी.

कूलंटच्या डबीत नळाचं पाणी भरतोस का? भरत असशील तर बंद कर, आतून गंज धरतो. डबीची पातळी सारखी उतरत असेल आणि जमिनीवर थेंब नसेल, सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नकोस. पावसाळ्यात थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाड्यांना तो दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर घाबर.

काटा लालमध्ये गेला तर गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर तापलेलं असतं, झाकण सुटताच तोंडावर येतं. जॅममध्ये अडकलास आणि काटा चढायला लागलाय, अजून लाल नाही, तर एसी बंद आणि हीटर फुल, काचा खाली. पॅसेंजर आणखी शिव्या घालेल. घालू दे.

वृषाली_मुलुंड:

निकाल आला!

आधी बाटली. नवऱ्याने जाळीवर पाणी ओतलं, मी टॉर्च धरला. पहिली बाटली कुठे गेली कळलंच नाही. दुसरी ओतल्यावर पन्हाळीच्या काठावरून धार लागली, मधोमध, थेट इंजिनावर. चाकांकडे एक थेंब नाही. मग वायपर काढून ती काळी जाळी काढली (चार क्लिपा तुटल्या). खाली शब्दशः कुंडीतली माती होती. त्यात एक इवलंसं रोप पण उगवलेलं, दोन पानांचं. डाव्या टोकाचं भोक चिखलाने पूर्ण बंद. उजव्या टोकाला पॅकिंगच्या प्लास्टिकचा तुकडा अडकलेला.

मग वेगळ्या मेकॅनिककडे गेले, आमच्या गल्लीतल्याच. दोन नंबरची कॉइल काढली तर बूटावर खालपासून वरपर्यंत गंजाचा रंग. आत तुम्ही म्हणालात तशी रेघ, एक नाही, दोन. आणि तीन महिन्यांपूर्वीच टाकलेल्या प्लगवर तिची जुळी. विहिरीत हवा मारल्यावर पाण्याचा फवारा त्याच्याच शर्टावर. एक आणि तीन नंबरच्या विहिरी कोरड्या खडखडीत.

तो म्हणाला सरळ नवी कॉइल टाकू. मी म्हटलं नाही, आधी अदलाबदल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण केली. पुढच्या पावसाळी सकाळी पुलाच्या अलीकडेच खूण लुकलुकली. ऑफिसातल्या एकाकडे ते ब्लूटूथचं छोटं यंत्र आहे, स्टेअरिंगखाली लावून फोनवर कोड दाखवणारं. पी०३०१!

आता पुढे काय काय बदलू? आणि पहिल्या गॅरेजवाल्याचा फोन आला होता, म्हणे इंजेक्टरचा सेट मागवून ठेवलाय.

साष्टीकर:

मानलं नाना. पण माझ्या बिल्डिंगमधल्या तिघांचं काय?

जुना_पाना:

साष्टीकर, त्या तिघांना विचारा: ‘कधी?’ आणि कोड घेऊन या. तिघांचं दुखणं एकच असेल असं धरून चालू नका. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना ते ब्लूटूथचं यंत्र चालतं.

ताई, एक कॉइल आणि एक प्लग. प्लगवर रेघ आहे म्हणून तो नवा असला तरी गेला. आत्ता तो दोन नंबरला चांगल्या बूटाखाली बसलाय, तिथे फार दिवस ठेवू नका, तो बूटही खराब करेल. काही गाड्यांच्या कॉइलला रबरी बूट आणि स्प्रिंग सुटी मिळते, मग अख्खी कॉइल लागत नाही. दुकानदाराला आधी ते विचारा. नसेल मिळत तर कॉइल चांगल्या कंपनीची घ्या, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातली मिळेल, पण ती कोणाच्या विहिरीत बुडून आली आहे ते आपल्याला माहीत नसतं. बाकी दोन कॉइलचे बूट दाबून बघा. मऊ असतील तर राहू द्या, कडक असतील तर तेवढे बूट बदला. बूटाच्या आतल्या तोंडाला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज जाऊ न देणारं, ग्रीस, बोटभर नाही, नखभर.

प्लगच्या टोकाची गॅप, जिथे ठिणगी उडते ती, तुमच्या गाडीच्या गॅस मॉडेलला कंपनीने दिली तेवढीच ठेवा. गॅसवाल्या गाडीला ती सहसा पेट्रोलवालीपेक्षा कमी असते. नुसतं ‘या गाडीचा प्लग द्या’ म्हटलं तर दुकानदार पेट्रोलवाला काढून देतो. ‘सीएनजी’ म्हणून सांगा.

जाळीच्या तुटलेल्या क्लिपा टाळू नका. जाळी काठाला सैल राहिली तर भोकं मोकळी असूनही पाणी पुढे सांडतं. काच आणि जाळीच्या मधली रबरी पट्टी नीट बसली का तेही बघा. त्या रोपाच्या मुळांनी पत्र्याचा रंग सोडला असेल तर तिथे खरवडून गंजरोधक रंग मारून घ्या. पत्रा सडला की पाणी मग थेट आत, तुमच्या पायाशी. एसीचा केबिन फिल्टर काढून फेका, त्यात बुरशी झालेली असणार. वास तिथून येतोय.

पाला यापुढे काचेवरून खाली झाडू नका, बाजूला ओढा. आणि जागा बदलून मिळत असेल तर सेक्रेटरीला विचारा. मिळणार नाही, मला माहीत आहे, मीही सोसायटीतच राहतो.

तुम्ही कायम गॅसवर चालवता म्हणून एक. टाकीत पेट्रोल काटा तळाशी ठेवून चालवू नका, पाव टाकी असू द्या. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. आणि अधूनमधून थोडं अंतर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे ज्यांची धमकी तुम्हाला मिळाली ते इंजेक्टर खरंच चिकटणार नाहीत.

पहिल्या गॅरेजवाल्याला भांडायला जाऊ नका. एवढंच विचारा की कोड पी०३०२ होता, मग एक आणि तीन नंबरचा इंजेक्टर कशासाठी? काय उत्तर देतो ते इथे लिहा.

वृषाली_मुलुंड:

विचारलं. म्हणाला, ‘मॅडम, सेटमध्येच येतात.’

कॉइल सुटी बूटासकट मिळाली, प्लग सीएनजीचा मागून घेतला, दोन्ही बसवले. काल रात्री मुलुंडला धो धो होता, आज पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मॅट कोरडी आहे, वास अजून थोडा येतो, फिल्टर उद्या येईल.

रात्रपाळी_कॅब:

नाना, रिलेच होता. हॉर्नचा लावला तर पंखा फिरला. आता हॉर्न वाजत नाहीये, नवीन रिले सकाळी दुकान उघडलं की घेतो.

जुना_पाना:

हॉर्नशिवाय मुंबईत रात्रपाळी करू नकोस. गाडी लाव आणि झोप.